दहाची पाटी

होळी पेटून गेली की आठ दिवसांत माझ्या उजव्या हाताचा तळवा गरम व्हायला लागतो. डॉक्टर म्हणतो, रक्ताभिसरणाचा त्रास. त्याला म्हटलं, तू शिकलेला आहेस, पण हा हात तुझ्यापेक्षा जुना आहे. हा हात रुळावर ठेवून मी अठ्ठावीस उन्हाळे तीनपर्यंत आकडे मोजले. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर रूळ अजून माणसात आहे. एकालाच उचलावा लागला तर सांधे बघायला पळायचं. लोखंड उन्हात वाढतं आणि वाढायला त्याला जागा लागते. दोन रुळांच्या मध्ये आम्ही ती जागा सोडायचो, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. नाही सोडली तर दुपारी दोनच्या सुमाराला रूळ सापासारखा वळतो.

काल सकाळी गॅलरीच्या ग्रिलवर हात ठेवला. आम्ही आता परळला चौदाव्या मजल्यावर असतो. समोर गिरणीची चिमणी होती तिथे काचेची इमारत झाली आहे, ती आपल्या वाट्याचं ऊनसुद्धा आमच्या घरात फेकते. दोन मोजले आणि हात उचलला.

"आबा, काय मोजता?" नात म्हणाली.

"काही नाही. उन्हाळा आला."

तिने पंखा वाढवला. तिच्या लेखी उन्हाळ्यावर तेवढाच इलाज आहे.

मला एकच उन्हाळा आठवतो. बाकीचे सत्तावीस त्याच्या मागे डब्यांसारखे जोडलेले आहेत. भिंतीभिंतीवर चुन्याने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं, लालबागला रोज सभा, रोज मोर्चा, आणि पोलिसांच्या गाडीचा आवाज आला की चाळीतल्या बायका पोरांना आत ओढायच्या. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचा, शांतारामचा, उजवा पाय गेला. त्याच दिवशी सकाळी माझ्या लाईनीवरची दहाची पाटी निघाली होती. या दोन गोष्टी जोडून मी घरात कधी बोललो नाही. आता लिहितो आहे. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस आहे, कुठे काना मात्रा चुकला तर तो तसाच राहू द्या.

मी रेल्वेत चावीवाला होतो. लोकांना वाटतं, चावी म्हणजे कुलपाची. रूळ स्लीपरवर घट्ट धरून ठेवायला बाजूने लोखंडाची पाचर ठोकतात, तिला आम्ही चावी म्हणायचो. गाड्या जाऊन जाऊन ती ढिली होते. खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंडे, एक हिरवा एक लाल, आणि डब्यात धोका दिसला तर गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे फटाके, असं रोज तीन मैल जायचं आणि तीन मैल यायचं. ढिली चावी डोळ्यांनी शोधावी लागत नाही. घट्ट चावी हातोड्याखाली टणकन बोलते. ढिली असली तर तडा गेलेल्या मडक्यासारखी थप् करते. परळच्या मागून शिवडी-वडाळ्याच्या अंगाने बंदराकडे जाणारी मालगाडीची लाईन माझ्याकडे होती. एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला खाजण. तिथल्या दुपारचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या लाकडी स्लीपरमधून डांबर पाझरतं, खाजणातला चिखल वाळून तडकतो, कुठून तरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, आणि या सगळ्यावर इंजिनाचा कोळसा. घरी गेलो की बायको म्हणायची, "आधी अंघोळ करा, मग पोरीला घ्या." अंघोळीने डांबर जात नाही. पोरगी डांबरासकट माझ्या मांडीवर मोठी झाली.

या नोकरीने काय मागितलं ते सांगतो. तिने आमचे उन्हाळे मागितले. उन्हाळ्यात रूळ बिघडतात म्हणून उन्हाळ्यात रुळांवर काम करणाऱ्या गँगला रजा नाही. आमच्या गावाला पालखी नाचायची शिमग्यात, लग्नं व्हायची वैशाखात, फणस पिकायचे जेठात. माझ्या खिशात रेल्वेचा फुकट पास असायचा आणि आमच्या कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचं, तिकीट काढून. आई गेली तेव्हा तार आली मंगळवारी. मला सुटी मिळाली शुक्रवारी, कारण बदली चावीवाला नव्हता. बोटीतून उतरलो तेव्हा तिसऱ्या दिवसाचंही सगळं उरकलं होतं. शांताराम तेव्हा दहा-अकराचा. अंगणात एकटा बसला होता. त्याला मुंबईला घेऊन आलो. गिरणीत लावलं ते पुढे, मिसरूड फुटल्यावर. त्याला वाढवलं माझ्या बायकोने, भागीरथीने. पण तो दादा दादा करत फिरायचा माझ्या मागे. दादा सांगेल ते खरं.

आता पाटीचं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या लाईनीत अर्ध्या मैलावर जुन्या स्लीपर काढून नव्या घातल्या. नव्या स्लीपरखाली खडी कुटून बसवावी लागते, आणि ती नीट बसेपर्यंत गाड्या सावकाश सोडाव्या लागतात. त्यासाठी रुळांच्या कडेला पाटी रोवतात. आमच्या पाटीवर दहाचा आकडा होता, म्हणजे ताशी दहा मैलांच्या वर जायचं नाही. ड्रायव्हरला तसा कागदही मिळतो स्टेशनातून. दहाने मालगाडी येते म्हणजे बाजूने चालणारा माणूस पळत पळत तिच्या पुढे निघू शकतो.

कुणाला ही पाटी म्हणजे काय वाटेल? मला ती दारावर लावलेल्या आजारपणाच्या चिठ्ठीसारखी वाटायची. माझी लाईन आणि तिच्यावर दहा. दुसऱ्या चावीवाल्यांच्या लाईनीवर गाड्या धडधडत जायच्या. माझ्याकडे आल्या की म्हाताऱ्यासारख्या खोकत चालायच्या. त्यात साळवी. साळवी ड्रायव्हर आमच्याच बाजूचा, लालबागलाच राहायचा, तोंडाने तिखट. दहाने जायचं म्हणजे त्याला बोलायला भरपूर वेळ मिळायचा. इंजिनातून अर्धा बाहेर वाकून म्हणायचा, "काय रघूशेठ, रस्ता अजून आजारीच काय तुमचा?"

"खडी बसतेय अजून."

"बसू दे, बसू दे. मी बैल आणतो उद्या. इंजिनाला काय त्रास उगाच."

फायरमन हसायचा. गँगमधले लोकही तोंड फिरवून हसायचे. मी हसत नसे. मी संध्याकाळी गँगबरोबर अर्धा तास जास्त थांबायचो आणि पहारीने खडी कुटायचो, जे चावीवाल्याचं काम नाही. आमचा महादू मुकादम म्हणायचा, "रघ्या, घाई कसली? त्या पाटीला काय दाणापाणी घालावं लागतंय?" त्याला काय कळणार. त्याच्या नावाने कुणी बैल आणत नव्हतं.

असंच एका संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसलो होतो. शांताराम गिरणीतून आला, केसांत कापूस, आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. भागीरथी आत भाकऱ्या थापत होती.

"शनिवारी चार वाजता गाडी अडवायची ठरलंय," तो हळूच म्हणाला. "तुझीच लाईन."

"कुठे?"

"पुलाच्या पलीकडे. वळणावर."

त्या वळणावर गोदामाची भिंत आडवी येते. ड्रायव्हरला माणूस दिसेपर्यंत चाळीस पावलंसुद्धा राहत नाहीत. "वळणावर बसलात तर सगळे मराल," मी म्हटलं. "मालगाडी आहे ती. सायकल नव्हे, पाय टेकून थांबायला."

"मग कुठे बसू ते सांग."

"मी सरकारी नोकर आहे."

"मग नको सांगू. आम्ही वळणावर बसतो."

आतून भागीरथी म्हणाली, "सांगा हो त्याला. बसणार तो बसणारच आहे. निदान मरायला तरी नको बसू दे."

मला मुंबई हवी होती का? हवी होती. नको कशी असेल? बंदरात उतरणारा सगळा माल ज्या रुळांवरून जायचा त्यांच्याखालची खडी आम्ही घातलेली. सभेला जात नसे एवढंच. सभेला गेलेल्याचं नाव साहेबाच्या टेबलावर जायचं आणि नोकरी जायची. म्हणून भावाला जागा दाखवली. म्हटलं, नव्या स्लीपर घातल्यात तिथे बसा. सरळ रस्ता आहे, ड्रायव्हरला लांबून दिसाल, आणि तिथे दहाची पाटी आहे. गाडी तुमच्यापर्यंत चालत येईल. बोलत बोलत थांबेल.

"नक्की?"

"लाईन कुणाची आहे?" मी म्हटलं.

तो हसला. माझ्या मांडीवर थाप मारून आत जेवायला गेला. ते हसणं मला अजून दिसतं. त्यात त्याला विचारायचं असं काही उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी रेल्वेचे इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवरून आले. नव्या तुकड्यावर उतरले, वाकून रूळ डोळ्याच्या रेषेत धरून पाहिला, एक मालगाडी जाऊ दिली, तिच्या खाली स्लीपर हलते का ते पाहिलं. हलली नाही. "चांगलं केलंय," म्हणाले. "मंगळवारपर्यंत राहू दे पाटी, मग काढू."

मी म्हटलं, "साहेब, खडी बसलीय. माझ्या जबाबदारीवर काढा."

साहेबांनी महादूकडे पाहिलं. महादूने खांदे उडवले. साहेबांनी ट्रॉलीवर बसून कागद लिहिला, स्टेशनात द्यायला माणूस पाठवला आणि मला म्हणाले, "काढ."

मी ती पाटी माझ्या हाताने उपटली. खड्ड्यात माती भरली, पायाने दाबली. पाटी खांद्यावर घेऊन हत्यारांच्या खोलीपर्यंत चालत गेलो. उन्हाने डोकं फुटत होतं आणि मी खूश होतो. चालताना माझ्या मनात एकच गोष्ट होती, साळवीचं तोंड. आज तो या तुकड्यावरून जाईल तेव्हा वाकून काय बोलणार? बोलायला वेळच मिळणार नाही त्याला. शनिवार आहे, चार वाजता माझा भाऊ तिथे बसणार आहे, हे माझ्या मनात आलं नाही. लोक विचारतील, असं कसं? मला इतकी वर्षं तेच समजत नाही. पण आलं नाही.

दुपारी गँगबरोबर शिवडीच्या टोकाला होतो, सांध्यांना तेल घालत. उन्हाळ्यात सांध्यांना तेल लागतं, नाही तर रूळ सरकत नाही. मी गुडघ्यावर बसलो होतो, डावा हात रुळावर. रुळातून गाडी आधी हाताला कळते, मग कानाला. कंप आला. तो दहाचा नव्हता. पंचविसाचा असेल, तिसाचा असेल. एकसारखा, कुठे अडखळ नाही, नव्या तुकड्यावरून गाडी लोण्यासारखी येत होती.

मला आधी अभिमान वाटला. मग आठवलं.

मी लाल झेंडा घेऊन पळालो. मैलभर अंतर होतं, खडीवरून. खडीवर माणूस पळत नाही, पडतो आणि उठतो. वाटेत इंजिनाची शिट्टी सुरू झाली ती थांबेना. मग चाकांना ब्रेक लागल्याचा आवाज, लोखंडावर लोखंड, आणि मग एकदम काही नाही.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. चाळीस-पन्नास लोक रुळावर बसले होते. गाडी जोरात येताना दिसली तशी सगळ्यांत चुळबुळ झाली. शांताराम पुढच्या रांगेत. तो ओरडून सांगत होता, "उठू नका. ती दहानेच येणार. माझा दादा आहे लाईनीवर." शेवटी लोक उड्या मारून पळाले. तो सगळ्यांत शेवटी उठला. कारण त्याला माहीत होतं ना. बाकीच्यांना फक्त गाडी दिसत होती.

पाय गुडघ्याखाली गेला. वाचला.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साळवी टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, कागद मिळाला नाही, पाटी दिसली नाही, माणसं दिसल्याबरोबर ब्रेक लावला. मला विचारलं, "पाटी होती?" मी म्हटलं, "नव्हती. सकाळी काढली. साहेबांच्या हुकमाने, माझ्या हाताने." खाली सही केली, अंगठा नव्हे. साळवी सुटला. खोलीबाहेर आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले. सरकारी खोलीत मी खोटं बोललो नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

इस्पितळात शांतारामने शुद्धीवर आल्यावर मला विचारलं, "दादा, गाडी दहानेच यायची होती ना?"

भागीरथी पायथ्याशी उभी होती. त्याच्या अंगावर चादर होती आणि एका बाजूला ती एकदम सपाट होत होती. मी म्हटलं, "हो."

"म्हणजे त्या ड्रायव्हरने मुद्दाम घातली."

मी गप्प बसलो. एवढंच केलं. पण त्या गप्प बसण्यावर सगळं उभं राहिलं. तो म्हणाला ते चाळीत गेलं, चाळीतून लालबागभर. साळवीच्या दारावर कुणी तरी डांबराने 'महाराष्ट्रद्रोही' लिहिलं. साळवीच्या खोलीत मुंबईचा नकाशा आणि शिवाजीमहाराजांची तसबीर शेजारी शेजारी होती, मी स्वतः पाहिली होती. कामावर जाताना मला ते दार लागायचं. त्याची बायको दगडाने घासायची अक्षरं. डांबर तसं निघत नाही. मला ठाऊक आहे ते कशाने निघतं. घासलेट लागतं. मी तिला तेवढंही सांगितलं नाही.

साळवी दोनदा मोसंबी घेऊन इस्पितळात आला. शांतारामने भिंतीकडे तोंड केलं. मोसंबी भागीरथीने शेजारच्या खाटेवाल्याला दिली.

मग एकदा सिग्नलला त्याचं इंजिन उभं राहिलं, मी खाली. तो वाकला नाही, उतरून आला.

"तुम्ही घरी सांगितलं नाहीत," तो म्हणाला. शेठ गेलं होतं त्याच्या बोलण्यातून.

"नाही."

"माझं कुणी खरं मानत नाही. माझी पोरं शाळेत जात नाहीत. सांगाल?"

"बघू," मी म्हटलं.

सिग्नल पडला. तो चढला. त्या पावसाळ्याच्या आत त्याने भुसावळला बदली मागून घेतली.

राज्य झालं. पेढे वाटले, गॅलऱ्यांतून कंदील लागले. शांताराम कुबड्या घेऊन चाळीच्या तोंडाशी उभा होता आणि लोक त्याच्या पाया पडत होते, ज्या पायाने तो उभा होता त्या. गिरणीने त्याला ठेवला नाही. त्याने चाळीखाली पानपट्टी घातली. लग्न केलं नाही. आमच्याच घरात राहिला, शेवटपर्यंत. दर उन्हाळ्यात नसलेला पाय पेटायचा त्याचा. दुपारी म्हणायचा, "दादा, तळवा जळतोय रे." तळवा कुठे होता? मी खोबरेल घेऊन गुडघ्याच्या टोकाला चोळायचो, सांध्याला तेल घालायचो तसं. तेल चोळताना तो साळवीला शिव्या द्यायचा. मनापासून, नवीन नवीन. मी ऐकायचो. मी त्याच लाईनीवर आणखी एकवीस उन्हाळे हातोडा मारला. त्या तुकड्याची एक स्लीपर कधी हलली नाही. साहेब बदलले, प्रत्येकाने शाबासकी दिली.

भागीरथीला कळलं होतं. कधी, कसं, मला माहीत नाही. एकदा मला जेवायला वाढताना म्हणाली, "तुम्ही सांगायला हवं होतंत तेव्हाच." मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही." तीही गेली आता. सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याला पाय आला नसता. त्याचा दादा गेला असता. मी त्या वेळी असा हिशेब केला आणि वाटलं, एवढं तरी त्याच्याकडे राहू दे. आता वाटतं, मी ते माझ्याकडे राहू दिलं.

राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्या इथल्या मंडळाने जुन्या सत्याग्रहींचा सत्कार ठेवला. शांतारामला स्टेजवर नेलं. त्याने माईक हातात घेतला तो सोडेना. म्हणाला, "माझ्यापेक्षा माझ्या दादाचा सत्कार करा. सरकारी नोकर होता. नोकरी गेली असती. तरी त्याने आम्हाला जागा दाखवली. दादाने सांगितलं होतं तसंच सगळं होणार होतं. पण तो ड्रायव्हर नीच निघाला." मग मला हाका. दोन पोरांनी धरून वर चढवलं. शाल घातली, नारळ दिला. कुणी तरी म्हणालं, आजोबा, दोन शब्द बोला.

समोर दोनशे माणसं, वर पत्रे तापलेले. मी ठरवलं होतं का बोलायचं? असेल. तोंड उघडलं. शांताराम खुर्चीतून माझ्याकडे बघत होता, तोंडभर हसत.

"लाईन चांगली होती," मी म्हटलं. "लाईनीत काही खोट नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळाची दुसऱ्या दिवशी सुनेने चटणी केली.

त्याच्या पुढच्या वैशाखात शांताराम गेला. आदल्या दुपारी माझा हात धरून पडला होता. आवाज अगदी बारीक झाला होता.

"दादा, तो साळवी जिवंत असेल का रे?"

"माहीत नाही."

"मेला असला तर मरताना त्याला माझा पाय आठवला असेल. आणि नसला मेला, तर आठवेल."

"आठवेल," मी म्हटलं, आणि त्याला कुशीवर वळवलं.